ताईचा रक्तदाब

९ जानेवारी

ठकू,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलं दिसतंय, म्हणून हा मेल. लिहिणार मात्र पत्रासारखंच, दुसरं काही मला येत नाही. आशीर्वाद वगैरे मिळाले असं धरून चाल, आधी कामाचं सांगते.

तुझ्या आईला आमच्याच हॉस्पिटलमध्ये दाखल केलंय. शरीराला म्हणावं तर नवीन काही झालेलं नाही, आणि तरी ती हातची जाईल की काय अशी परिस्थिती आहे. ताई हळूहळू बंद होत गेली. आधी बाहेर पडणं, मग केस विंचरणं, मग बोलणं आणि आता खाणं. घास तोंडात दिला तर तो तिथेच राहतो. काल सिस्टरने पाण्याचा चमचा ओठांना लावला, तर म्हणाली, "मला नका देऊ, वाया जाईल." या आठवड्यातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य हेच. जिच्या तासाला वर्गात पेन्सिल पडली तरी मुली दचकायच्या, ती तुझी आई.

गोळ्या देऊन झाल्या. बदलून झाल्या. गोळ्यांना वेळ लागतो आणि तो आता उरलेला नाही. आमच्या मनोविकारतज्ज्ञांना सगळे मौनीबाबा म्हणतात, कारण ते दिवसभर लोकांचं ऐकतात आणि स्वतः जेमतेम बोलतात. ते म्हणाले, "शॉक द्यावे लागतील. लवकर." आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

शॉक म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल ते मला माहीत आहे. हातपाय धरलेत, माणूस ओरडतंय. तसं काही नसतं. गेली कित्येक वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी त्याच खोलीत असते. दुधी काचेची खिडकी, एक उंच पलंग, उशाशी ऑक्सिजन, भिंतीवर हृदयाचे ठोके दाखवणारा पडदा. मी भूल देते, पेशंट झोपतो. मग सगळे स्नायू सैल करणारं औषध देते, म्हणजे शरीर उसळत नाही. फक्त एका घोट्याला रक्तदाबाचा पट्टा आवळून बांधतो. औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही, म्हणून मेंदूत जी आकडी येते ती बाहेरून फक्त त्या एका पावलात दिसते. काही सेकंद पाऊल थरथरतं, थांबतं. थोड्या वेळाने पेशंट डोळे उघडतो आणि बहुतेक वेळा विचारतो, "सुरू कधी करणार?"

आमचं खरं काम असतं हृदयाशी. वीज गेल्या गेल्या हृदय दबकतं, मंद होतं, एखाद-दोन ठोके गाळतंसुद्धा. मग आकडी सुरू झाली की उधळतं, आणि रक्तदाब सरसर वर चढतो. आकडी संपली की पाच-दहा मिनिटांत पाणी जसं निवळतं तसं सगळं खाली बसतं. दबकू नये म्हणून एक औषध आधीच देऊन ठेवतो. फार उधळू नये म्हणून दुसरं सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवतो. ते कधी द्यायचं आणि किती, यात आमचं सगळं कसब.

आता एक गोष्ट जी तुला कळवली नव्हती. चार वर्षांपूर्वी ताईला हृदयविकाराचा सौम्य झटका येऊन गेला. तेव्हा तिनेच मला बजावलं होतं, "तिकडे कळवायचं नाही. तिला वाटेल बोलावतेय."

ताई आत्ता स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नाही. नियमाने मुलगी आधी, बहीण नंतर. तुझा होकार लागेल. लवकर कळव.

मावशी

१४ जानेवारी

ठकू,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. "द्या शॉक. पण हृदयाला काही झालं तर तुझं-माझं नातं संपलं, मावशी."

माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. तू दोघींचा निकाल एकदमच लावून टाकलास. असो. होकार दिलास, बरं झालं.

घरच्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, असा आमचा दंडक आहे. हात थरथरतो म्हणून नव्हे, डोकं थरथरतं म्हणून. म्हणून ताईला भूल देतेय आमची शेंडेफळ. मी शिकवलेल्या मुलींमधली ही शेवटची, यंदा मी निवृत्त होणार. नाव पडलं ते पडलं, आता तिचा नवराही तिला तेच म्हणतो. हुशार आहे, हात हलका आहे. मी तिला काही सूचना दिलेल्या नाहीत. तिचं काम तिला करू दे, मी लुडबूड करणार नाही असं ठरवलंय. कोपऱ्यात स्टुलावर बसते फक्त.

काल पहिला शॉक झाला. ताईने दंड पुढे केला, सुई टोचली तरी हं नाही की चूं नाही. झोपण्याआधी शेंडेफळ म्हणाली, "आजी, छानसं काहीतरी आठवा हं." ताईने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास." मग डोळे मिटले.

रक्तदाब एकशे पन्नासच्या वर गेला नाही. हृदय थोडं मंद झालं, थोडं जलद झालं, झालं. पाऊल जरासं थरथरलं. मी इतकी वर्षं हे काम करतेय, इतका गुळगुळीत आलेख क्वचित पाहिलाय. तू निर्धास्त राहा.

दुपारी तिचे केस विंचरले. आता पार विरळ झालेत. शाळेत असताना तिच्या दोन वेण्या इतक्या घट्ट असायच्या की कपाळ ओढलेलं दिसायचं. मला वेणी तीच घालून द्यायची, आणि मी हलले की कंगव्याने टपली.

मावशी

२४ जानेवारी

ठकू,

"फरक का पडत नाही?" असं तू विचारलंस. बरोबर विचारलंस. ताई होती तशीच आहे. खरं तर आणखी खाली गेली आहे. आता नाकातून नळी घालून पातळ अन्न देतात. नळी घालतानाही विरोध करत नाही. विरोध केला असता तर मला बरं वाटलं असतं.

गंमत अशी की आलेख दर वेळी तसाच देखणा. सिस्टर परवा म्हणालीसुद्धा, "मॅडम, तुमच्या ताईंचं बीपी बघा, वळणदार अक्षर काढल्यासारखं." मीही मान डोलावली.

काल शॉक झाल्यावर मौनीबाबांनी शेंडेफळला बाहेर बोलावलं. मी मागोमाग गेले. एरवी न बोलणारा माणूस बोलायला लागला की कॉरिडॉरमधले लोक थबकतात, तसंच झालं.

"आकडी किती चालली?"

"बारा सेकंद, सर."

"आणि सकाळी तो ट्रकड्रायव्हर होता त्याची?"

"चाळीस... बेचाळीस."

"त्याच्यावर जीव नाही वाटतं तुमचा."

शेंडेफळ हातातला आलेख चाळायला लागली.

"मी दर वेळी वीज वाढवतो. तुम्ही काय वाढवता?"

ती माझ्याकडे बघायला लागली. डोळे भरलेले. मग जे बोलली ते कॉरिडॉरमध्ये सगळ्यांनी ऐकलं. "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, काही झालं तरी एकशे साठच्या वर जाऊ द्यायचं नाही."

हो. म्हणाले होते. सूचना दिल्या नाहीत असं मी तुला लिहिलं, ते खरं नव्हतं. पहिल्या शॉकच्या आदल्या दिवशी मी तिला खोलीत बोलावून, दार लावून सांगितलं होतं. तुझ्या त्या दोन ओळी माझ्या डोक्यात होत्या. शिकवणाऱ्या मॅडमची सख्खी बहीण, त्यात अशी ताकीद, मग ती पोर काय करणार? हृदयाची धाव रोखणारं औषध तिने आधीच भरपूर दिलं. भूलही जरा जास्तच दिली, आजींना काही जाणवू नये म्हणून. दोन्ही मायेपोटी. आणि त्या दोन्हींनी आकडी आखूड होते.

ठकू, नीट समजून घे. विजेने काही बरं होत नसतं. आकडी हेच औषध आहे. मेंदूत ती पुरेशी वेळ चालली तर माणूस वर यायला लागतो. मौनीबाबा वीज वाढवून आकडी ओढत होते आणि आम्ही दोघी हृदय सांभाळण्याच्या नादात दुसऱ्या टोकाने खेचत होतो. रस्सीखेच चालली होती आणि दोर म्हणजे ताई. ताईला दर वेळी भुलीचा त्रास झाला, उपचार मात्र झालाच नाही. त्या ट्रकड्रायव्हरच्या हृदयाला शेंडेफळने दोन मिनिटं मोकळं सोडलं होतं. तो काल नाश्त्याला दुसऱ्यांदा वाढून मागत होता.

मौनीबाबा जाता जाता मला एवढंच म्हणाले, "ओळखीचा पेशंट. नेहमी असंच होतं."

तेव्हा आता तुला विचारायचं ते हे. ताईचा रक्तदाब आकडीच्या वेळी दोनशेपर्यंत, कदाचित थोडा पुढेही जाऊ द्यावा लागेल. मिनिटभर, दोन मिनिटं. औषध हातात तयार असेल, पण ते आधी द्यायचं नाही. तिच्या हृदयाला हे झेपेल असं मला वाटतं. हृदयवाल्या डॉक्टरांनी तपासलंय, त्यांनाही वाटतं. पण काहीच होणार नाही असं लिहून देणारा डॉक्टर असेल तर त्याच्याकडे जाऊ नये. तू अट घातली होतीस, म्हणून तुला न विचारता मी ती मोडणार नाही.

मावशी

२८ जानेवारी

ठकू,

तुझं लांब पत्र वाचलं. दोनदा वाचलं. थांबवा म्हणतेस, आणि हृदयाचं कारण तू फक्त पहिल्या परिच्छेदात दिलंयस. उरलेलं सगळं दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे.

ताई तुला रोज फोन करत होती हे मला ठाऊक नव्हतं. सात वर्षांत तिने तुझं नाव माझ्यापाशी काढलं नाही, आणि नोव्हेंबरभर ती तुला फोन करून रडत होती. "माझं चुकलं, ठकू. त्या दिवशी तू बॅग घेऊन आलीस आणि मी दार उघडलं नाही. मी आई म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही." तू लिहितेस की नवऱ्याचं घर सोडून आलेली तू त्या दारापुढे संध्याकाळपर्यंत बसली होतीस, आणि ही वाक्यं ऐकायला सात वर्षं थांबली होतीस. पहिल्यांदाच आई माझ्याशी आईसारखी बोलली, असं तू लिहितेस. आणि शेवटी, "तुम्ही तिला बरं करणार म्हणजे पुन्हा पहिल्यासारखी करणार ना?"

त्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलीस तेव्हाचा तुझा चेहरा मला आठवतो. दिवाणखान्यात तुझ्यासाठी गादी घातली आणि तू भिंतीकडे तोंड करून झोपलीस. त्यामुळे तुला शहाणपण शिकवायला मला जड जातंय. पण लिहायलाच हवं.

ताई बोलत होती तोपर्यंत ती सगळ्यांचीच माफी मागत होती. पेपर टाकणाऱ्याची मागितली, तिच्यामुळे त्याला जिने चढावे लागतात म्हणून. सिस्टरची, तिचा गुडघा दुखतो म्हणून. कुठे दूरदेशी पूर आला, बातम्यांत दाखवलं, तर म्हणाली, "हेही माझ्याचमुळे." मौनीबाबा म्हणतात या आजारात असं होतं, माणूस जगातले सगळे अपराध गोळा करून स्वतःच्या माथी मारतं. तुझी माफी त्या रांगेत उभी होती, ठकू. पुढे उभी होती की मागे, ते मला सांगता येणार नाही.

मला म्हणाली होती, "तू माझ्यापेक्षा गुणी. आईला तूच जास्त आवडायचीस, आणि ते बरोबरच होतं." साठ वर्षं हे ऐकायला मी आतुर होते म्हण ना. ऐकलं आणि बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस तरंगत होते. मग तिने जेवण सोडलं.

खरी ताई कशी ते तुला मी सांगायला नको. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर लोकांचा नियम होता, चुकलं तर वर्गापुढे उभं राहून "मला क्षमा करा" म्हणायचं, की लगेच जागेवर बसायचं. एका वाक्याचा तर प्रश्न. मी चूक नसताना म्हणून मोकळी व्हायचे. ताई एकदा कुणाला तरी खोटारडी म्हणाली आणि ती मुलगी खोटारडी होतीच. ताई शाळा सुटेपर्यंत बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. सिस्टर दर तासाला येऊन विचारायच्या, "तयार आहेस?" ही म्हणायची, "नाही, सिस्टर." शेवटी सिस्टरच कंटाळल्या. घरी येताना मी तिचं दप्तर उचललं, तर म्हणाली, "दे इकडे. मला काही शिक्षा झालेली नाही."

ही बाई परत येईल. उपचार लागू पडला तर हीच येईल, दुसरी कुणी येणार नाही. तुझी माफी ती कदाचित परत घेईल. कदाचित मागितली होती हेच तिला आठवणार नाही, त्या दिवसांतलं बरंच पुसलं जातं. हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

पण थांबवलं तर तुझ्याकडे फक्त ते फोन राहतील. माणूस राहणार नाही. नळीवर किती दिवस काढणार?

उद्या संध्याकाळपर्यंत कळव. शुक्रवारी सकाळची वेळ धरून ठेवली आहे.

मावशी

३१ जानेवारी

ठकू,

"करा." एवढंच आलं तुझ्याकडून. तेवढं पुरलं. अटीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही.

काल सकाळी मी नेहमीसारखी स्टुलाकडे वळले तर मौनीबाबा म्हणाले, "मॅडम, बाहेर."

"मी काही बोलणार नाही."

"तुम्ही बसलात तरी तिला ऐकू येतं."

शेंडेफळने मान वर केली नाही. मी बाहेर आले, दार लागलं. बाहेर एक बाक आहे, पेशंटचे नातेवाईक बसतात तो. इतक्या वर्षांत मी त्यावर बसले नव्हते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. म्हणाले, "तुमचं कोण आहे आत?" म्हटलं, "बहीण." म्हणाले, "माझी बायको. नंतर आहे. आतले डॉक्टर चांगले आहेत, काळजी करू नका." मी म्हटलं, "हो का?"

दार जाड नाही. पडद्याचा आवाज बाहेर येतो, प्रत्येक ठोक्याला एक टिक. आम्ही लोक त्या आवाजावर कान ठेवूनच आयुष्य काढतो. पडदा पाहायची गरज पडत नाही. ताईचे ठोके सावकाश, एकसारखे चालले होते. मग भूल. मग मौनीबाबांचा आवाज, "देतोय."

टिक लांबली. आणखी लांबली. मग आलीच नाही.

हे होतं. हे मी हजारदा पाहिलंय, पोरींना शिकवलंय, "या वेळी श्वास धरायचा नाही, तो पेशंटला लागतो." मी श्वास धरला होता. मग एक टिक आली, ओली माचीस पेटावी तशी, मग दुसरी, मग त्या एकमेकींच्या अंगावर पडत धावायलाच लागल्या. आतून सिस्टर आकडे सांगत होती. एकशे सत्तर. एकशे नव्वद. दोनशे पाच. मध्येच दोन ठोके वेडेवाकडे पडले. माझा हात दाराच्या मुठीवर होता. तो कधी गेला ते मला कळलं नाही.

आतून शेंडेफळचा आवाज आला. एरवी चिवचिवते, पण तो आवाज तिचा वाटला नाही. "नाही, सिस्टर. अजून देत नाही. पाऊल चालू आहे."

दोनशे अठरा.

म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बसा हो, बसा. मी पण पहिल्यांदा असाच उभा होतो."

मी मूठ सोडली आणि बसले. ती मुलगी जे करत होती ते मी केलं नसतं. माझा हात सिरिंजवर कधीच दाबला गेला असता.

"थांबलं," मौनीबाबा म्हणाले. "सेहेचाळीस." मग शेंडेफळने औषध दिलं, अगदी थोडंसं. टिका हळूहळू एकमेकींपासून सुट्या झाल्या. आकडे उतरत गेले. चहा गार व्हायला लागतो तेवढ्या वेळात ताई आपल्या नेहमीच्या रक्तदाबावर येऊन झोपली होती. नंतर ईसीजी काढला, रक्तही तपासलं. हृदयाला काही झालेलं नाही.

शेंडेफळ बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, रागावलात?" मी म्हटलं, "पुढच्या वेळीही मी बाहेरच बसणार आहे. जा, त्या गृहस्थांच्या बायकोला घे आत."

ताईत अजून फरक नाही. एका वेळेने होतही नाही. कळवत राहीन.

मावशी

२३ फेब्रुवारी

ठकू,

मधल्या काळात तुला नुसते दोन-दोन ओळींचे निरोप धाडले, कारण जे दिसत होतं त्यावर माझाच विश्वास बसत नव्हता. पाणी मागितलं. नळी काढली. सिस्टरला म्हणाली, "चादर अशी खोचतात का?" आज सविस्तर लिहिते.

ताई बरी आहे. खुर्चीत बसते, जेवते, कॉरिडॉरमध्ये फिरते आणि भिंतीवरच्या सूचनांमधल्या चुका काढते. मौनीबाबांना म्हणाली, "तुम्हाला बोलायचे पैसे वेगळे पडतात का?" ते हसले. आमच्या हॉस्पिटलात ही बातमी झाली. शेंडेफळला पाहून म्हणाली, "तू डॉक्टर? मग दप्तर कुठाय?" आणि मला आरशापुढे उभं करून, "केसांचं काय करून घेतलंस हे? म्हातारीचा कापूस दिसतेस." मी गुणी आहे वगैरे आता संपलं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

नोव्हेंबरपासूनचं तिला जवळजवळ काही आठवत नाही. फोन तर मुळीच नाही. सांगावं की नाही यात माझे दोन दिवस गेले. मग सांगितलं, कारण ते तुझंही आहे.

"मी? माफी मागितली? कशाबद्दल?"

"दार उघडलं नाहीस त्याबद्दल."

ती गणित मांडावं तसं बोलायला लागली. "ती नवऱ्याशी भांडून आली होती. मी घरात घेतलं असतं तर परत गेली असती का?"

"ताई, ती तशीही परत गेली नाही."

"नाही ना गेली? मग मी उघडलं काय आणि न उघडलं काय. उत्तर तेच आलं."

मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत बसली होती ती दारात."

त्यावर तिने मान वळवली. खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आज डाळीत मीठ कमी होतं." आणखी काही आलं नाही. यात मी काही साखर घालून लिहीत नाही, ठकू. तुला ज्याची भीती होती तेच झालं.

आज सकाळी तिची नखं कापत होते. डावा हात झाला, उजवा घेतला. ती मध्येच म्हणाली, "तिचं डोकं अजून दुखतं का गं?"

"कुणाचं?"

"कुणाचं काय? ठकूचं. अर्धशिशी. शाळेतून आली की पडदे ओढून उलटीचं भांडं उशाशी घेऊन पडायची. मी हळू चालायचे तरी म्हणायची, आई, पाय वाजतात. तिकडे काचेच्या इमारती, नुसता उजेड. कशी राहते?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"कसली मावशी तू? इतकी पत्रं लिहितेस म्हणे. त्यात काय लिहितेस?"

मी उजव्या हाताची नखं पुरी केली. खोटं कशाला, मला तुला हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं. ताई नोव्हेंबरभर तुझ्याशी रोज बोलत होती, तेव्हाही तिने तुला हे विचारलं नसावं, तुझ्या पत्रात तरी तसं काही नव्हतं.

दुपारी जेवणाचं ताट बाजूला सारून तिने पुन्हा विचारलं, "लिहिलंस का?" म्हटलं, लिहितेय. "मग बसलीस काय इथे?"

म्हणून हे पत्र. डोकं अजून दुखतं का? औषध घेतेस की नुसतीच अंधारात पडतेस? मला कळव किंवा तिलाच कळव, तिचा नंबर तोच आहे. पण उद्या सकाळी ती पुन्हा विचारणार, आणि "माहीत नाही" हे उत्तर तिने कुणाचंच कधी चालवून घेतलेलं नाही.

मावशी